उपास नको, उपाशी या

चरबी कोणाला चढते, मालकाला की मजुराला? उत्तराची घाई करू नका. मी केली होती, आणि तीही छापून. आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या गिरणीच्या फाटकावर मी लिहिलेलं एक पत्रक वाटलं गेलं. शीर्षक होतं ‘मालकांना चढलेली चरबी’. माझं वय वीस. आमच्या घरात पुस्तक म्हणाल तर एक पंचांग. बाकी सगळी पत्रकं. माझी बाराखडीसुद्धा आबांनी, म्हणजे वडिलांनी, बोनसच्या पत्रकावरून घोटून घेतलेली. त्यामुळे शीर्षक मला फारच जोरदार वाटत होतं. त्यावर पहिल्यांदा लाल पेन्सिल चालवली ती चरबीबाईंनी.

हे नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं. सोलापूरच्या नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. मुंबईला शिकून आलेल्या या बाई रक्तातली चरबी आणि तिच्यामुळे बिघडणारं हृदय, एवढ्याच गोष्टीच्या मागे लागलेल्या. स्वतः उदबत्तीच्या काडीसारख्या. सुरुवातीला त्यांची भांडणंच फार झाली म्हणे. ‘तुमची चरबी वाढली आहे’ असं त्यांनी एका किराणा व्यापाऱ्याला सांगितलं, तर तो ताडकन उठून म्हणाला, “बाई, मी तुमच्याशी उद्धट बोललो का?” तेव्हापासून त्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकत, “रक्तातली हं. स्वभावातली नव्हे.”

जिना त्यांनी मुद्दाम उंच निवडला होता की काय कोण जाणे. पेशंट चढू लागला की त्या लिहिणं थांबवून कान देत. मधल्या वळणावर पावलं थांबली, तर माणूस दारात येण्याआधीच त्यांनी कागदावर काहीतरी टिपलेलं असे. आणि दारात आल्यावर पहिला प्रश्न, “ऊटा आयता?” बाई अक्कलकोटकडच्या, घरात कानडी, समोरच्या कुठल्याही पुरुषाला अप्पा म्हणणाऱ्या. जेवलात का, हे तिकडचं साधं रामराम घालणं. पण यांच्याकडे ती तपासणी होती. ‘आयतु की बाई’, झालं की, असं आनंदानं म्हणणारा त्या दिवशी रक्त न देताच परत जाई.

आमचे आबा गिरणीत मागावर काम करत. अंगानं काटकुळे. सायकलवर छातीत जड वाटू लागलं म्हणून मी त्यांना ओढत तिथं नेलं. जिन्यात ते दोनदा थांबले. बाईंनी त्यांची छाती तपासायच्या आधी चेहरा उजेडाकडे वळवला आणि पापण्यांवरचे पिवळसर डाग पाहिले. ते डाग आमच्या कौतुकाचे. आई त्यांना आबांची हळद म्हणायची. लग्नातली राहिलीय अजून, असं तिचं म्हणणं. बाईंनी मग आबांच्या टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली, आणि शांतपणे म्हणाल्या की रक्तात चरबी असणार, भरपूर.

मी पेटले. आमच्या घरी तूप दिवाळीला येतं, मटण जत्रेला, आणि तुम्ही गिरणी कामगाराला श्रीमंतांचा रोग लावता, असं बरंच काही बोलले. पुरावा म्हणून पिशवीतलं पत्रकही पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, अगदी सावकाश, आणि शीर्षकावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

“भाषा छान आहे की,” त्या म्हणाल्या. “पण चरबीला मालक-मजूर कळत नाही. आजोबा कसे गेले तुझे?”

मी सांगितलं, बसल्या बसल्या. काका? तेही तसेच, बेचाळिसाव्या वर्षी, गावाकडे जेऊरला, बैलांना पाणी दाखवून ओट्यावर टेकले ते टेकलेच. आबा अभिमानानं म्हणाले, “पुण्यवान मानसं, बाई. कुनाकडनं तांब्याभर पानी मागितलं न्हाय.”

“बेचाळिसाव्या वर्षी कसलं पुण्य, अप्पा?” बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “त्यांनाही ही हळद होती का?”

आबांनी मान हलवली. होती. मग बाईंनी विचारलं की काकांना मुलं किती. दोन, जेऊरलाच, दोघं पैलवान गडी. त्यांना घेऊन या, असं त्या म्हणाल्या, आणि आबांना दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला ‘उपास करून’ बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आबांनी उपास अगदी शास्त्रानं केला. बाईंच्या ‘ऊटा आयता?’ला त्यांनी ताठ मानेनं, उपास हाय, असं उत्तर दिलं. रक्त काढलं, छोट्या यंत्रात गरगर फिरवलं, आणि नळीत वर जे पाणी सुटतं ते ताकासारखं पांढरं निघालं. बाई नळी धरून बघतच राहिल्या. काय खाल्लंत, त्यांनी विचारलं.

“काय न्हाय की. कडक उपास. नुसती साबुदान्याची खिचडी, शेंगदान्याचे दोन लाडू आन वाईच रताळं.”

बाई खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसल्या. चूक माझी, असं त्यांनी चक्क कबूल केलं. मुंबईच्या पुस्तकात सोलापूरचा उपास शिकवत नाहीत. “अप्पा, उपास देवासाठी. माझ्याकडे उपाशी यायचं. रात्री जेवलात की सकाळपर्यंत पाणी सोडून काही नाही.”

मंगळवारी आबा उपाशी गेले. नळीतलं पाणी स्वच्छ होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आकडा पाहून बाईंनी मान हलवली. कालचा दोष खिचडीचा होता, त्या म्हणाल्या, आजचा घराण्याचा. मग माझीही बाही वर करायला लावली. माझीही चरबी निघाली. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, “तुला दोन्ही प्रकारची आहे.”

आबांची विडी त्याच दिवशी गेली. गोळ्या मुंबईहून मागवाव्या लागत. खाण्याच्या यादीवर मात्र वाटाघाटी झाल्या, बोनसच्या वेळी होतात तशाच. शेंगाचटणी सोडा म्हटल्यावर आबांनी, मग सोलापुरात ऱ्हायचं कशाला, असा सवाल टाकला. शेवटी चमचाभर चटणी, वर तेल न घालता, यावर तडजोड झाली.

त्या खिचडीपायी बाईंनी मला एक पत्रक लिहायला लावलं, पेशंटना द्यायला. मी नेहमीच्या जोमानं दोन पानं भरली. त्यात शोषण होतं, हृदयशून्य व्यवस्था होती, उद्गारचिन्हं तर मुंग्यांसारखी. लाल पेन्सिलीखालून चार शब्द सुटले: उपास नको, उपाशी या. “ओरडू नको गं,” त्या म्हणाल्या. “घाबरलेला माणूस जिना चढत नाही.” मी अजूनही ओरडते, ओरडण्यासारखं पुष्कळ आहे. पण लिहून झालं की एकदा त्यांच्या नजरेनं खोडते.

त्याला दहा वर्षं झाली. आबा आज चोपन्न वर्षांचे आहेत. आमच्या घराण्यात पन्नाशी पाहिलेला हा पहिला पुरुष, आणि ते फाटकावर सर्वांना हे सांगत असतात.

बाई दर खेपेला एकच विचारत, जेऊरची मुलं आली का? थोरल्या चुलतभावाला मी बैलबाजाराच्या निमित्तानं फसवून आणलं. त्याचं औषध चालू आहे. धाकटा येत नाही. मला काय धाड भरलीय, म्हणतो, आणि दंड फुगवून दाखवतो. पापण्यांवर हळद दिसायला लागली आहे. यंदा बाईंचे डोळे अधू झाले, दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवून त्या धारवाडला बहिणीकडे गेल्या. निरोप घ्यायला गेले तर आशीर्वाद वगैरे काही नाही. म्हणाल्या, “धाकट्याचं राहिलं.”

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरात कोणी ऐन चाळिशीत बसल्या जागी गेलं असेल, तर त्याला पुण्यवान म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या भावंडांना, मुलांना रक्त तपासायला घेऊन जा. आणि तुमच्यापैकी कोणी जेऊरला उतरलं, तर स्टेशनाच्या मागे म्हशींचा गोठा आहे, तिथं डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळे डाग असलेला एक हसरा गडी भेटेल. मी बहीण पडले, मी सांगितलं की तो हसण्यावारी नेतो. परक्याचं कदाचित ऐकेल. रक्त तपासून घे, एवढं सांगाल त्याला?