रंगाऱ्याच्या घरचा पंचनामा

१९३० साली सोलापुरात इंग्रजांचा लष्करी कायदा होता, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी प्राथमिक शाळेत मास्तर. शेजारी एक तेलुगू रंगारी राहायचा, विणकरांचं सूत रंगवून द्यायचा. लाल रंग पक्का बसायला तेजाब, म्हणजे ॲसिड, लागतं, हे आमच्या पेठेत बायाबापड्यांनाही ठाऊक. मला तर चांगलंच ठाऊक. त्याच्या तेजाबाच्या वासावरून मी दहादा भांडलो होतो.

एका सकाळी पोलीस झडतीला आले. त्यांनी तेजाबाच्या दोन बाटल्या बाहेर काढल्या आणि पंच म्हणून मला बोलावलं. मला बघून रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. "मास्तर आले न्हवं, आता भ्या न्हाय," तो बायकोला म्हणाला.

फौजदारानं पंचनाम्यात लिहिलं, 'बाँब करण्याचं द्रव्य'. मी म्हणालो, "अहो, हे रंगाचं..." त्यानं वर पाहिलं आणि माझी शाळा कोणती ते विचारलं, बस्स. माझी पाचावर धारण बसली. मुकाट्यानं सही ठोकून मोकळा झालो. लाज वाटायला हवी होती मला, मेल्याला!

आठवड्याभरात सरकारी पत्रक निघालं: शहरात बाँबचा कारखाना सापडला आहे, सबब लष्कर इतक्यात हलणार नाही. दोन बाटल्यांचा कारखाना! राईचा पर्वत केला म्हणून मी सरकारला मनातल्या मनात शिव्या हासडल्या. पण राई पुरवली कुणी? मीच की.

रंगाऱ्याला सक्तमजुरी झाली. सुटकेचा अर्ज लिहून घ्यायला त्याची बायको माझ्याकडेच आली. "मालक म्हनले, मास्तरांकडं जा. सही त्येंची हाय, म्हंजी कागदावर खरंच असनार." मी वळणदार अक्षरात दोन पानं अर्ज लिहिला. सही करताना काय केलं, तेवढं लिहिलं नाही.

उत्तर इंग्रजीत आलं. तेही घेऊन ती माझ्याकडेच आली. अर्ज नामंजूर, कारण शेजारच्याच एका प्रतिष्ठित शिक्षकानं माल ओळखून सही दिलेली आहे.

"नामंजूर," मी म्हणालो.

"का वो?"

"कारण दिलेलं नाही."

तिनं कागदाची घडी करून पदराला बांधली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी लई केलं आमच्यासाटी, मास्तर." आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.