खिडकीत उभं राहून झालेलं अपडेट

मंडळी, आज दुपारी मी माझ्या मोबाइलमध्ये नवी सिस्टीम स्वतः टाकली! दुकानदार म्हणाला होता, "ताई, हा जुना झाला, नवीनच घ्या." मी कसली ऐकतेय!

संगमेश्वरपासून आत आमच्या वाडीत रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, तीही लहरीने. त्यामुळे अपडेट दर वेळी अर्ध्यावर अडकायचं. आणि अपडेटशिवाय मुंबईला नवऱ्याला व्हिडिओ कॉल लागेना.

मी शिक्षिका. शेवटी शाळेच्या कॉम्प्युटरवर नेमकी माझ्या मॉडेलची फाइल उतरवली, केबलने मोबाइलमध्ये घेतली. घरी येऊन सेटिंगमध्ये ती निवडली आणि 'इन्स्टॉल' दाबलं. स्क्रीन काळीठिक्कर! घरात मोबाइल हा एकच.

पाणी पिऊन येते तो कोपऱ्यातल्या टेबलावर मोबाइल नाही! सासूबाई तो घेऊन खिडकीत उभ्या. "अगो, कोपऱ्यात ठेवलास तर त्याला रेंज कशी मिळणार?"

"आई, बटण दाबू नका!" मी ओरडले. फाइल मोबाइलमध्येच होती, रेंजचा काही संबंध नव्हता. पण ते समजावायला वेळ कुठे होता?

तेवढ्यात त्यांच्या हातातच स्क्रीन उजळली. सगळं नवंकोरं! जिंकले मी!

लगेच नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "मोबाइल मेला होता रे. मी चालू केला."

आता शेजारच्या काकू आपला बंद पडलेला मोबाइल घेऊन आल्यात. दाखवतायत कोणाला? आईंना! आणि आई निघाल्या खिडकीकडे.

सांगा, मी मध्ये पडू की मजा बघू?