राजेसाहेबांचं विमान आणि पायलट गुरुजी

पायलट गुरुजींना एस.टी. लागायची. मुरुमहून उमरग्याला जायचं म्हटलं तरी ते खिशात लिंबू ठेवत, खिडकीची जागा धरत आणि उतरेपर्यंत डोळे मिटून बसत. विमानात बसणं तर सोडाच, विमानतळसुद्धा त्यांनी टीव्हीवरच पाहिलेला. तरी सगळं मुरुम त्यांना पायलट म्हणे. ही हाक त्यांना एवढी आवडायची की कुणी खऱ्या नावानं बोलावलं तर ते वळून बघत नसत.

हे नाव पडलं ते आमच्या शाळेतल्या विमानामुळं. संस्थेच्या संस्थापकांना एकदा विज्ञानप्रसाराची हुक्की आली. त्यांनी हैदराबादच्या एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबातून दुहेरी पंखांचं, कापडानं मढवलेलं एक जुनं विमान ट्रकवर घालून आणलं. ते पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि शेडची किल्ली विज्ञान व चित्रकला शिकवणाऱ्या गुरुजींकडं दिली. विमान आलं, विज्ञान काही पसरलं नाही. गुरुजी मात्र पसरले.

त्यांच्या सांगण्याप्रमाणं हे विमान राजेसाहेबांचं होतं. राजेसाहेब म्हणजे एका लहानशा संस्थानाचे धाकटे पुत्र, एकट्यानं विमान उडवत विलायतेला गेलेले, पुढं फार गाजलेले वैमानिक. 'हेच ते विमान,' असं म्हणून गुरुजी पंखावर हात ठेवत आणि समोर कोण आहे ते बघून पुढचं ठरवत. आमदार आले तर राजेसाहेबांनी याच विमानातून निजामाविरुद्ध पत्रकं टाकलेली असत. मठाचे स्वामी आले तर बिदरला पालखीवर फुलं उधळलेली असत. शिक्षणाधिकारी आले तेव्हा राजेसाहेब खेड्यापाड्यात पाट्या-पेन्सिली वाटत हिंडले. मी त्या शाळेत मराठी शिकवायला नवीनच लागले होते. मी विचारलं की गुरुजी, तुमच्या हिशेबानं राजेसाहेब एकाच आठवड्यात विलायतेत, बिदरला आणि आपल्या मुरुमवरही होते, हे कसं? गुरुजींनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"बाई, इमान हाय ते. बैलगाडी न्हाय."

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते विमान पुसायचे. त्यासाठी घरून जुनी धोतरं आणत. त्यांच्या पत्नी गिरिजाक्का म्हणायच्या की घरातल्या कपाटावर कधी फडकं मारलं नाही या माणसानं. एकदा कुणा पाहुण्यानं विमानाचा नंबर विचारला आणि गुरुजींची पंचाईत झाली, कारण शेपटीवरचा रंग कधीच उडाला होता. पुढच्या शनिवारी त्यांनी एका पुस्तकातून राजेसाहेबांच्या विलायतवारीच्या विमानाचा नंबर काढला आणि ऑइलपेंटनं झोकदार रंगवला. चित्रकलेचे शिक्षक असल्यामुळं अक्षर मूळच्यापेक्षा देखणं आलं.

संस्थापक गेले. संस्था त्यांच्या पुतण्याच्या हातात आली. नव्या अध्यक्षांना शेडची जागा रस्त्याला लागून आहे, एवढंच त्या विमानाबद्दल ठाऊक होतं. तिथं दुकानांचे गाळे काढायचे आणि विमान भंगारवाल्याला द्यायचं असं ठरलं. गुरुजी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी रोज शेडवर येत. अध्यक्षांनी त्यांना बोलावून, राजेसाहेबांना आमचा नमस्कार सांगा, असं सुनावलं. सगळा स्टाफ हसला. त्यात मीही होते.

गुरुजी माझ्याकडं आले. त्यांना बंगळूरच्या एका विमान संग्रहालयाला पत्र पाठवायचं होतं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. पत्रकं, पालखी आणि पाट्या-पेन्सिली मी गाळल्या, त्याबद्दल ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. महिन्याभरात उत्तर आलं. जुन्या विमानांच्या जाणकार असलेल्या एक मॅडम स्वतः बघायला येणार होत्या. गुरुजींनी ते उत्तर निम्म्या गावाला वाचून दाखवलं.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या घरी आले. चेहरा एस.टी.तून उतरल्यासारखा. पिशवीतून त्यांनी धोतरात गुंडाळलेली एक जाड वही काढली. ती त्या विमानाची उड्डाणांची नोंदवही होती. विमान आलं त्या दिवशीच ती त्यांना आसनाखाली सापडली होती आणि इतकी वर्षं त्यांनी ती धान्याच्या कोठीत लपवली होती. राजेसाहेबांचं नाव तिच्यात खरंच होतं, पण एकदाच. पुढं शेरा होता: शिकाऊ विद्यार्थी, उतरताना विमान आदळलं, डावं चाक मोडलं, अति घाई करतो.

मी हसले. गुरुजी हसले नाहीत.

एवढा मोठा माणूस, त्याचं नाव असं कसं खाली आणायचं, म्हणून त्यांनी वही दडवली होती आणि तिच्या जागी विलायत आणली होती. आता ती चुलीत घालावी का, हे विचारायला ते आले होते. मी म्हटलं, वही जाळली तर विमान भंगारात जाईल. ते म्हणाले, दाखवली तर मी जाईन. मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"तीस वर्सं पोरांना खोटं सांगितलंय म्या, बाई. त्यातली निम्मी पोरं आता गावात पुढारी हायत."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. अध्यक्ष हार आणि फोटोग्राफर घेऊन हजर होते. विमान भंगार आहे असं एकदा तज्ज्ञाच्या तोंडून वदवलं की ते मोकळे. मॅडमनी शेपटीवरचा नंबर पाहिला आणि शांतपणे सांगितलं की या नंबरचं विमान परदेशातल्या एका संग्रहालयात उभं आहे, त्या स्वतः ते बघून आल्या आहेत. मग त्यांनी बाटलीतलं काहीतरी कापसावर घेऊन रंग पुसला. खालून पुसट असा दुसराच नंबर वर आला. अध्यक्ष मोठ्यानं हसले. त्यांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं, तेव्हा मुख्याध्यापकही हसले. फोटोग्राफरनं गुरुजींचा फोटो काढला.

गुरुजी पुढं झाले.

"तो नंबर म्या रंगवलाय," ते म्हणाले. "म्या सांगितलेलं समदं खोटं हाय. हे तेवढं खरं हाय." आणि त्यांनी वही मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी ती उभ्या उभ्या वाचली. मग खाली वाकून दोन्ही चाकांच्या दांड्या हातानं चाचपल्या. डावी दांडी उजवीहून वेगळ्या घडणीची होती, मागाहून बसवलेली. त्या उठल्या तेव्हा त्यांचे गुडघे धुळीनं भरले होते. राजेसाहेबांनी नाव कमावलं ती विमानं सगळ्यांना माहीत आहेत, त्या म्हणाल्या, पण ज्यात ते शिकले ते विमान हरवलं असं आम्ही समजत होतो. हे आम्ही घेऊन जाऊ आणि उभं करू.

अध्यक्षांना गांभीर्य यायला फार वेळ लागला नाही. या वारशाचं जतन संस्थेनं पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून केलं आहे, असं ते तिथल्या तिथं बोलले आणि मॅडमसाठी आणलेला हार त्यांनी विमानाला घातला.

पुढच्या महिन्यात माणसं आली, पंख उतरवले, घोंगड्यांत गुंडाळले आणि ट्रक बंगळूरला गेला. निरोपाच्या समारंभात अध्यक्षांचा सत्कार झाला. गुरुजी मागच्या रांगेत बसले होते. गावात आता त्यांना कुणी पायलट म्हणेना. 'थापाड्या' म्हणायचे, तेही तोंडावर. ते ऐकून घ्यायचे. संग्रहालयानं दोनदा बोलावूनही ते गेले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले की तिथं खरं लिहिलेलं असणार, मग माझं काय काम.

मागच्या वर्षी गुरुजी वारले. शाळेत शोकसभा झाली. तोवर गाळे उभे राहिले होते आणि रस्त्यावरच्या हॉर्नमधून भाषण नीट ऐकू येत नव्हतं. अध्यक्षांनी सांगितलं की गुरुजी तरुणपणी राजेसाहेबांच्या शेजारी बसून आकाशात गेले होते, आणि असा वैमानिक या संस्थेनं घडवला. माना हलल्या. ज्यांनी त्यांना थापाड्या म्हटलं होतं त्यांच्याही हलल्या.

त्यानंतर माझी पाळी होती. मी लिहून आणलेला कागद पर्समध्ये ठेवला. म्हटलं, गुरुजी कधीही उडाले नाहीत. ते तीस वर्षं खोटं बोलले, आणि एका सकाळी, सगळे हसत असताना, त्यांनी स्वतःला खोटारडं म्हणवून घेतलं, म्हणून ते विमान आज शाबूत आहे. हसणाऱ्यांत मीही होते, त्या सकाळच्या आधीपासून. एवढं बोलून मी खाली बसले. अध्यक्ष घड्याळ बघत होते.

बाहेर पडताना गिरिजाक्कांनी माझा हात धरला.

"बरं केलंत, बाई," त्या म्हणाल्या. "ते असते तर तुमच्यावर लई चिडले असते."