कडब्यातले छर्रे

मयताच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता. सदऱ्याला एकही भोक नव्हतं. छातीला एकोणीस होती.

"क्लिअर केस आहे, डॉक्टर," पाटोद्याकडून मयत घेऊन आलेले पीएसआय म्हणाले. "बांधाचं भांडण. शेजारच्या भानुदासनं चाळीस फुटांवरून बार टाकला. त्याची लायसनची काडतुसाची बंदूक जप्त केली, तो आत आहे. तुम्ही फक्त अंतर लिहा."

अंतर काढायची रीत साधी. छर्रे नळीतून एकगठ्ठा निघतात आणि लांब जातील तसे पसरतात. जवळून एकच मोठं भोक, लांबून चाळण. इथे वीतभर चाळण होती, म्हणजे हिशेब पीएसआयच्या बाजूचा. पण त्या सदऱ्यानं माझं डोकं फिरलं होतं.

मयताचा धाकटा भाऊ दारात उभा होता. त्याला विचारलं, "बार लागला तेव्हा अंगात होता तो सदरा कुठाय?"

"धुतला, सायेब. दवाखान्यात आणायचं, तर रक्ताचा कसा आणायचा?"

असा पुरावा धुणारी माणसं मी नोकरीभर पाहतोय. सहसा मनात पाप नसतं, त्यामुळे रागावताही येत नाही.

भोकं एकेक करून तपासली. सातांत ज्वारीच्या कडब्याचे बारीक तुकडे निघाले. मधल्या, जरा मोठ्या भोकात खोलवर जळकी चिंधी होती. ठासणीच्या बंदुकीत दारू जागेवर राहावी म्हणून अशी चिंधी ठासतात. ती हलकी असते, चाळीस फूट जाऊन छातीत शिरत नाही. भानुदासची बंदूक तर काडतुसाची होती.

वाटेत काही आडवं आलं की छर्रे एकमेकांवर आपटून जवळच पसरतात, कॅरमच्या पहिल्या फटक्यासारखे.

भावाला आत बोलावलं. "कडब्यात काय ठेवलं होतं?"

"दादानं डुकरांसाठी बंदूक भरून गंजीत खुपसलती. पेंढी उपसाया गेला अन् बार झाला. बिनलायसनची हाय, सायेब. म्हनलं, आता आमीच आत जाऊ. मंग हिरीत टाकली."

"आणि भानुदासचं नाव सांगितलंस?"

"त्याच्याकडं बंदूक हाय, हे समद्या गावाला म्हाईत हाय."

पीएसआयनी डायरी उघडली. "मग अंतर किती लिहू?"

"तीन फूट."

विहिरीतून बंदूक निघाली. भानुदास सुटला आणि आठवड्यानं मला भेटायला आला. "लई उपकार झाले, सायेब. तुमी बघितलं म्हनून वाचलो."

मला लाज वाटली. भोकं तपासायच्या आधीच मी कच्च्या कागदावर 'चाळीस फूट' लिहून मोकळा झालो होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. तेव्हापासून अंतर मी सगळ्यांत शेवटी लिहितो.