आधी इंजिन, मग पाणी

दुपारचं जेवण नावापुरतं झालंय. लवू तांडेल दोन घास चिवडून उठलाय आणि पडवीतल्या बाकड्यावर आडवा झालाय. झोप कसली येतेय! पापणी मिटली की परवाचा तो ठाण्ण आवाज कानात होतो आणि मिटलेली पापणी पुन्हा उघडते. समोर अंगणात, खळ्यात, माटवाच्या सावलीत, ताडपत्री पांघरून स्कूटर पडलीय. पाण्यावरची स्कूटर, पर्यटक जिला जेटस्की म्हणतात ती. थोड्या वेळात कुडाळचा भंगारवाला टेम्पो घेऊन येईल. लवूनेच त्याला फोन केलाय. घेऊन जा बाबा एकदाची, डोळ्यांसमोर नको.

लवूचा एकुलता एक मुलगा यतीन गोव्यात वॉटर स्पोर्ट्सवर कामाला होता. तिथल्या एका बंद पडलेल्या हॉटेलामागून त्याने ही स्कूटर उचलून आणली. काय तिची दशा होती म्हणून सांगू! सीटमध्ये उंदरांची पिल्लं, धुराच्या नळीत मुंग्यांचं वारूळ, पोटात माडाची कुजलेली झापं. सगळं देवबाग गाव हसलं. पण पोरगा चिवट. सुट्टीच्या दिवशी यायचा, उघडायचा, घासायचा, जोडायचा. शेवटी एक सील तेवढं राहिलं. ते आणायला वैशाखात मोटारसायकल घेऊन कुडाळला गेला आणि येताना वळणावर ट्रकखाली सापडला. उरलेलं काम बापाने पावसाळाभर खळ्यात बसून पुरं केलं. दुसरं करणार तरी काय होता तो? होडीची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. आणि परवा, ऐन सुरू करायच्या घटकेला, त्यानेच ती मारली.

बाकडं गार लागतं. मग ओलं लागतं. लवू हात खाली सोडतो तर बोटं पाण्यात जातात.

"बाबा, नळ बंद करा."

यतीन स्कूटरपाशी उकिडवा बसलाय. अर्धी चड्डी, कोपरापर्यंत ऑइल, डाव्या मनगटात लाल पिळाची दोरी. ती स्कूटरची दोरी. एक टोक मनगटात, दुसरं बटणाला. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. त्या दिवशीही ती त्याच्या हातात होती, पण इस्पितळातून आलेल्या त्याच्या सामानाच्या पिशवीत नव्हती. लवूने बटणाला सुतळी बांधून काम भागवलं. हे सगळं त्याला आठवतंय आणि तरी नवल वाटत नाही. मेलेलं पोर खळ्यात बसलंय, तर बसलंय.

"जेवलंस काय रे?" लवू विचारतो.

"आदी पाणी सोडलात मां?"

"मगे? इंजिनाक पाणी नुको?"

"होडयेच्या इंजिनाक आदी पाणी," यतीन म्हणतो. "हेका उलटा असता. आदी इंजिन, मगे पाणी. इंजिन बंद आसताना पाणी सोडला तर ता धुराच्या नळीतसून मागे इंजिनात शिरता."

"माका कोणी सांगूक नाय."

"मी सांगतलो होतंय. येवन सांगतलो होतंय."

पाणी लवूच्या पोटरीपर्यंत आलंय. खळ्याचा कठडा दिसत नाही, तुळस कमरेइतक्या पाण्यात उभी आहे.

"किती येळ सोडून ठेवलात?"

लवू मान खाली घालतो. पाइप जोडला, नळ सोडला, नारळ हातात घेतला. शेवंतीला, यतीनच्या आईला, हाक मारली आणि ती त्या दिवसापासून पहिल्यांदाच खळ्यात उतरली. मग गाऱ्हाणं. नवी होडी असो की जुनं इंजिन, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे काही चालू होत नाही. एकाने बा देवा म्हाराजा म्हणत मागायचं, बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं. बाकीचे म्हणजे एकटी शेवंती. मग बटण दाबलं आणि ठाण्ण!

"गाराणा लांबला," लवू म्हणतो. "तुझ्या नावापर्यंत इलंय आणि मगे माका थांबाक येयना."

"आवस काय म्हणी?"

"होय म्हाराजा. परतेक येळेक होय म्हाराजा."

"आणि तेवढो येळ पाणी जात रवला," यतीन म्हणतो. त्याच्या बोलण्यात राग नाही, हेच लवूला सोसत नाही. एक शिवी तरी दे की रे!

यतीन पान्याने प्लग काढतो. भोकातून पाणी उसळतं आणि थांबतच नाही. स्कूटर हलते, तरंगते. दोघं सीटवर बसलेत आणि खाली कर्लीची खाडी आहे, सपाट, राखाडी, पलीकडचा काठ नसलेली.

"सुदारात काय?" लवू विचारतो.

"रॉड वाकलो. ब्लॉक फुटलो."

"वेल्डिंग?"

यतीन मान हलवतो. अशीच मान त्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरने हलवली होती, दुसरीकडे बघत. लवू खाली बघतो तर सीट नाही, इस्पितळातला लोखंडी बाक आहे. हिरव्या भिंती, फिनेलचा वास. यतीन त्याच्याशेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसलाय, आतून कोणीतरी येऊन काही सांगेल म्हणून वाट बघत. लवूला ठाऊक आहे आतून काय सांगणार आहेत. पोराला ठाऊक नाही. लवू त्याच्या कानांवर हात ठेवायला जातो.

"माणूस पडलो की इंजिन बंद व्हता मां?" त्याचा आवाज फाटतो. "तू पडलंस. मगे माजा कित्या चालू रवला? तुज्या आवशीचा कित्या?"

यतीन मनगटातली दोरी चाचपतो.

"ह्या स्कूटरचो आवाज कसो असता रे?" लवू हळू विचारतो. "माका एकदा आयकूचो होतो."

"हात द्या."

यतीन स्वतःच्या मनगटातली दोरी काढतो आणि बापाच्या मनगटाला गुंडाळतो, एक वेढा, दुसरा वेढा, करकचून. "घट्ट व्हयी. नायतर गळान पडता." मग ओठ मिटतो आणि लहानपणी पाटावर बसून करायचा तसा तोंडाने इंजिनाचा आवाज काढतो. भुर्रर्र. थुंकी उडते. तो केवढा आहे ते लवूला कळत नाही, पाच वर्षांचा की सव्वीस. आवाज वाढत जातो, बाक थरथरतो, भिंती थरथरतात. लवू ओरडतो, "थांब, थांब रे!" आणि यतीन थांबत नाही.

"उटा," शेवंती म्हणतेय. "टेंपो इलो."

टेम्पो घुरघुरत मागे मागे खळ्यात शिरतोय. भंगारवाला आणि त्याचा माणूस उतरतात, ताडपत्री ओढतात. लवू उठून बसतो आणि डोळे पुसायला हात वर करतो.

"हाताक काय झाला?"

डाव्या मनगटावर तांबडे वळ आहेत. दोन वेढे, पिळाचे, कातडीत रुतलेले. बाकड्याच्या फळ्या सपाट आहेत. घरात तसली दोरी नाही.

शेवंतीला सांगावं लागत नाही. सुट्टीवर आलेला यतीन दिवसभर मित्रांच्या स्कूटरी फिरवून संध्याकाळी चुलीपाशी बसायचा, मनगट पुढे करायचा, आणि ती दोरीच्या अशाच वळांवर खोबरेल चोळायची. सकाळपर्यंत काही उरायचं नाही. आता ती लवूचं मनगट दोन्ही हातांत धरते आणि खाली बसते.

"तेल हाडतंस?" लवू विचारतो.

"नुको. तेलान जायत ता."

मागे स्कूटर फळीवरून खरडत टेम्पोत चढते. भंगारवाला काहीतरी विचारतो, दोघंही बघत नाहीत. वळ फिके होतायत. वरचा वेढा आधी जातो. लवू ओठांतल्या ओठांत पुटपुटतो, "बा देवा म्हाराजा, एवढो तरी रवांदे."

शेवंती होय म्हाराजा म्हणत नाही. ती मनगट आवळत जाते, तिच्या स्वतःच्या बोटांचे वळ उठेपर्यंत.