इंग्रज पुढं काहून गेले?

इतिहासाच्या मास्तराकडे न मागता दोन गोष्टी गोळा होतात, जुने नकाशे आणि किस्से. रिटायर झालो तेव्हा नकाशे मी कॉलेजला देऊन टाकले. किस्से कोणी घेईना, म्हणून तुम्हाला सांगतो.

मनीषनगरच्या बगिच्यात दर रविवारी सकाळी आम्ही तिघं बसतो. मी, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले इंजिनिअर बोकडे साहेब, आणि बँकेत नोकरी केलेल्या हेडाऊ मॅडम. एकदा साहेबांनी सहज विचारलं, "सर, आपल्याकडे एवढं कापड, एवढे मसाले, मंग इंग्रज पुढं काहून गेले?"

तो प्रश्न अजून चालूच आहे!

*

साहेबांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं. कोळसा! नोकरीभर त्यांनी तोच जाळला.

"कोळसा तर आपल्या कन्हानलेही आहे," मॅडम म्हणाल्या.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. तिकडच्या खाणींत पाणी भरायचं, ते उपसायला वाफेचं इंजिन आलं, तेच पुढं गिरणीत, रेल्वेत, जहाजात गेलं. "म्हणजे बघा, पाणी भरलं म्हणून शोध लागला!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरते. आम्हाले कशाचा शोध लागला?"

"नगरसेवकाचा!" साहेब म्हणाले. "पण तो अजून सापडून नाही राहिला."

*

एका रविवारी मी चांदीवर बोललो. युरोपजवळ आपल्याला विकण्यासारखं फारसं काही नव्हतं. अमेरिकेतल्या खाणींतली चांदी आणायची, ती देऊन आपलं कापड न्यायचं. पुढं तोफा आणल्या, आणि मुलूखच घेतला.

मॅडमनी चष्मा पुसला. "म्हणजे तारण दुसऱ्याचं, कर्ज यांचं, आणि जप्ती आमच्या घरावर! माझ्या टेबलावर असती तर ही फाईल मी पास केली नसती, सर."

*

मग कंपनीचा विषय निघाला. एकमेकांना न ओळखणारी माणसं पैसे एकत्र टाकायची आणि जहाज पाठवायची, हे मी सांगितलं. साहेबांना ते फारच पटलं. "एवढंच ना? आपणही करू!"

त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सोसायटीत मीटिंग बोलावली. सगळ्यांनी मिळून गच्चीवर सोलर बसवायचं. खालचे म्हणाले, गच्चीशी आमचा काय संबंध? वरचे म्हणाले, गच्ची तर आमचीच आहे! मधल्यांना सेक्रेटरी बदलायचा होता.

रविवारी साहेब बगिच्यात आले. मी विचारलं, "काय झालं?"

"सर, आपलं जहाजही निघालं असतं," ते म्हणाले. "पण कॅप्टन कोण, यावर किनाऱ्यावरच बुडालं असतं!"

*

मागच्या महिन्यात मॅडमनी आम्हाला उमरेडला माहेरी जेवायला नेलं. तिथं त्यांचे वडील भेटले. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. ते कोष्टी, जवानीत हातमागावर रेशीमकाठी लुगडी विणायचे. मशीनचं स्वस्त कापड आलं, गिऱ्हाईक तुटलं. आबाजींनी माग मोडून त्याची लाकडं चुलीत घातली आणि चौकीदारी धरली.

जेवणं झाली आणि मॅडमच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती नोकरीसाठी मँचेस्टरला असते. नव्या घराचं तिला भारी कौतुक. उंच छत, विटांच्या भिंती, मोठाल्या खिडक्या.

"आबाजी, ही पहिले कापडाची मिल होती! इथलंच कापड बोटीनं आपल्याकडे येत होतं."

आबाजींनी फोन डोळ्याजवळ धरला. "माग नाही दिसून राहिले वं?"

"मिल केव्हाचीच बंद पडली, आबाजी. स्वस्त कापड बाहेरून यायला लागलं. आता इथं लोक भाड्यानं राहतात."

"घ्या! झाली फिट्टमफाट!" बोकडे साहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. मीही हसलो.

आबाजी हसले नाहीत. त्यांनी फोन पुन्हा डोळ्याजवळ नेला. मग नातीला म्हणाले,

"मंग तिथल्या कोष्ट्यायनं पोटाले काय केलं वं?"