कवेलूंवर शिकलेला झेल

आमच्या ड्रिल मास्तरांची करंगळी कायमची वाकडी होती. स्लिपमध्ये झेल घेताना मोडली, हे ते मोठ्या ऐटीत सांगत. नागपूरकडून बदलून ते आमच्या शाळेत आले, तेव्हा क्रिकेट म्हणजे लांब टोला हाणणं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. विकेटकीपरच्या बाजूला तीन पोरं वाकवून उभी करायची, यात मतलब काय, ते कळेना. त्या तिघांतला पहिला मी. चेंडू आला की माझे हात ताठ होत आणि चेंडू तळव्यावर आपटून बाहेर उडे. "अबे, हात मागे घे! चेंडूला धक्का नको देऊ!" मास्तर ओरडत. माझ्या डोक्यात काही शिरत नसे.

ते शिरलं आमच्याच अंगणात. चैत्र लागला की आमच्याकडे घर फेरतात. छपरावरची कवेलू उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, चांगली पुन्हा बसवायची. ढिगापासून शिडीपर्यंत माणसांची रांग लागते आणि कवेलू या हातातून त्या हातात उडत जातं. त्या दिवशी मास्तर बाबांना भेटायला आले, बहुतेक माझी तक्रार घेऊनच, आणि फाटकातच थबकले. मी रांगेत उभा होतो. कवेलू आलं की हात आपोआप मागे येत, ते पोटाशी अलगद थांबे आणि पुढच्याकडे जाई. एकही फुटत नव्हतं.

"हेच तर सांगून राहिलो ना बे दोन महिन्यांपासून!" मास्तर गरजले.

काकांनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. "गुर्जी, बोलू नोका. कवेलूच्या वक्ती तोंड बंद." शिडीवरचा माणूस आवाजाने वळला तर कवेलूही जातं आणि माणूसही, म्हणून रांगेत कोणी चकार शब्द काढत नाही. मास्तरांनी कान पकडले, बाह्या सारल्या आणि स्वतः रांगेत शिरले. पहिली दोन कवेलू त्यांनी फोडली. आईला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस मैदानावरून गावात आली. सकाळची शाळा सुटली की आम्ही अकरा जण कोणाचं ना कोणाचं घर फेरायला हजर. जो कवेलू फोडेल त्याने त्या घरचं पाणी भरायचं. मास्तरांनी सगळ्यांत जास्त घागरी वाहिल्या. गावातल्या म्हाताऱ्या त्यांना बिनपगारी गडी म्हणत आणि वर ताकही पाजत. महिनाभरात आमचे हात असे झाले की कच्चं अंडं फेकलं तरी फुटू नये.

पण डोक्यावर टांगती तलवार होती. लढाईचे दिवस, जिकडेतिकडे धान्य पिकवा, भाजी पिकवा चाललेलं. हेडमास्तरांनी स्पष्ट बजावलं होतं, "सुट्टीआधी रेल्वेवाल्यांशी मॅच आहे. या वर्षीही हरलात तर खेळ बंद. मैदानात वांगी लावू." मास्तर तोंडदेखलं हसले. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही, असं त्यांच्या घरमालकिणीने आम्हाला सांगितलं.

मॅच रंगली. रेल्वेवाल्यांना शेवटी थोड्याच धावा हव्या होत्या, आणि त्यांचा एक मिशाळ गार्ड एकटाच पाय रोवून होता. आमच्या बॉलरच्या बाजूला अंपायर आमचेच मास्तर. गार्डने बॅट घातली, कड लागली आणि चेंडू माझ्या गुडघ्याच्या खाली आला. हात मागे गेले. चेंडू हातात होता, अगदी स्वच्छ! आणि मी तो शेजाऱ्याला दिला. त्याने तिसऱ्याला दिला. तिसऱ्याने तो खाली वाकून गवतावर अलगद ठेवला. तिघेही तोंड बंद करून उभे.

आम्ही गप्प, म्हणून टप्पा पडला असेल असं बॉलरला आणि कीपरला वाटलं. गार्डने मागे वळून पाहिलं, चेंडू गवतावर दिसला, तो पुन्हा बॅट टेकवून उभा राहिला. मी मास्तरांच्या बोटाची वाट पाहत होतो. ते वर का होईना, कळेना. मास्तरांनी खाली बसून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. दुसऱ्या बुटाचीही सोडली. माझ्याकडे असे पाहत राहिले की ती नजर मी आजही विसरलो नाही. शेवटी पुढचा चेंडू पडला. गार्डने तो आणि त्यानंतरचे दोन असे काही हाणले की मॅच संपली.

परतताना मी रडतच विचारलं, "गुर्जी, मी झेल धरलो होतो ना? मंग आऊट काऊन नाही देलं?"

"विचारल्याशिवाय अंपायरला आऊट देता येत नाही रे. ओरडून विचारावं लागतं." मास्तर थांबले. "तेवढंच शिकवायचं राहिलं माझं. उलट कवेलूंच्या रांगेत उभं करून तुमची तोंडं बंद केली मीच."

मला त्यांचा भयंकर राग आला. बोट नुसतं वर केलं असतं तर कोण भांडायला येणार होतं? आपलीच शाळा, आपलाच खेळ! तो राग जायला फार वर्षं लागली. आता मात्र त्या माणसाचा अभिमान वाटतो, आणि तो सांगायला मला संकोच नाही.

हेडमास्तर शब्दाचे पक्के निघाले. नांगर यायच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी आम्हाला मैदानावर बोलावलं. चेंडू शाळेत जमा झाला होता. ते अंपायरच्या जागी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "विचारा आता. एकेक जण."

माझी पाळी आली तेव्हा मी जीव खाऊन ओरडलो, "हाउज दॅट!"

मास्तरांनी डोळे पुसले आणि बोट वर केलं.